कस्तुरीच्या शाळेची गुप्त तपासणी

कावासाकी,
२४ नोव्हेंबर

श्रीयुत उल्हासराव व्याहीबुवा यांस,

नीलकंठ पारसनीस याचा कमरेतून वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, पण इथे आल्यापासून दिवसाला चाळीस वेळा वाकावं लागत असल्याने आता सरळ होणंच अवघड जातं.) विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला थांबला का? तुमची संपदा आणि आमचा सुयश खुशाल आहेत. आपली कस्तुरीही खुशाल आहे, म्हणजे आता आहे. सोमवारी अर्धा तास नव्हती. त्याचाच खुलासा तुम्हाला लेखी करावा म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीतच आहे की शिक्षण खात्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा बोर्डाच्या परीक्षेच्या भरारी पथकात. शाळा म्हटली की मला आधी तिची मागची भिंत दिसते. कस्तुरीची शाळा मुलींची आहे, सकाळी जाऊन दुपारी परत यायची, आणि चालवतात ती इंग्लंडच्या चर्चच्या जपानी शाखेतले लोक. म्हणजे देव इंग्लंडचा, भाषा जपानी आणि मुलगी आपली. यात कोण कोणाचं काय करतंय याचा कोणाला तरी संशय यायला नको का? सुयशला येत नाही. संपदाला तर अजिबात येत नाही.

मला आला. पहिली गोष्ट, मुलगी रोज हसत घरी येते. (शाळेतून हसत आलेलं मूल मी फक्त पेपर फुटलेल्या वर्षी पाहिलं होतं.) दुसरी गोष्ट, शाळेत शिपाई नाही, फरशी मुलीच पुसतात, आणि वर गातात. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. एका संध्याकाळी ती 'शुभं करोति' म्हणत होती, आणि चाल चर्चमधली होती. मी संपदाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "बाबा, शब्द तर बरोबर आहेत ना?" उल्हासराव, तुमची मुलगी म्हणून मी गप्प बसलो.

पण तपासणी गुप्त करायची असं ठरवलं. इथे सात वर्षांची मुलं एकटीच ट्रेनने शाळेत जातात. कस्तुरी दोन स्टेशनं जाते, मग टेकडीचा चढ चढते. मी बागेत फिरायला जातो असं सांगून तिच्या मागच्या डब्यात बसू लागलो. वेश म्हणाल तर तोंडाला मास्क, डोक्यावर माकडटोपी (ती घरात घालायला संपदाची बंदी असल्याने कोटाच्या खिशात असते) आणि लांब दांड्याची काळी छत्री. तोंडासमोर जपानी वर्तमानपत्र धरायचो. पहिल्याच दिवशी समोरच्या बाईंनी उठून, वाकून, ते माझ्या हातात सुलटं करून दिलं. शाळेच्या कुंपणाला घट्ट मेंदी आहे. तिच्यातून चार दिवस मी आत काय चालतं ते वेळेसकट वहीत टिपून घेतलं. संशयास्पद काहीच सापडलं नाही, त्यामुळे संशय वाढला.

शुक्रवारी चहाच्या वेळी शाळेची मेल आली. संपदाने वाचून मराठीत सांगितली: शाळेच्या परिसरात एक संशयित इसम दिसत आहे, वय पंचावन्नच्या आसपास, हालचाली चपळ, डोक्यापासून गळ्यापर्यंत लोकरीची पिशवी, पाऊस नसताना छत्री, पालकांनी सावध राहावं. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "बघा! मी म्हणत नव्हतो, तिथे काहीतरी आहे म्हणून?" (मी एकाहत्तर वर्षांचा आहे. पंचावन्न म्हटल्यावर माझ्या मनात स्वतःचा विचार कशाला येईल? आणि माकडटोपीला पिशवी कोण म्हणतं?)

सोमवारी मी पोरीला त्या नराधमापासून वाचवायला निघालो. चढावर तिच्या आणखी जवळून चालू लागलो. पावलं ऐकून तिने मागे पाहिलं आणि ती पळाली. मला वाटलं, तो माणूस तिला दिसला! म्हणून मीही पळालो. "घाबरू नकोस!" असं ओरडलो, पण मास्क आणि टोपीतून काय बाहेर पडलं ते देव जाणे. इथे प्रत्येक मुलीच्या दप्तराला एक भोंगा असतो. कस्तुरीने त्याची दोरी ओढली. असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. पिवळा झेंडा घेऊन रस्ता ओलांडून देणारे आजोबा आले, फुलवाल्या बाई आल्या, चौकीतला पोलीस सायकल टाकून आला. मी टोपी काढली.

कस्तुरी फाटकाला पाठ लावून उभी होती. "आजोबा?" म्हणाली, आणि जवळ आली नाही.

उल्हासराव, एकतीस वर्षांत मला पाहून पुष्कळ मुलं रडली. मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं.

मुख्याध्यापिका मिझुनोबाई लहानखुऱ्या आहेत, इंग्रजी हळू आणि स्वच्छ बोलतात. त्यांनी पोलिसाला निरोप दिला, मला चहा दिला आणि पळताना पडलेली माझी वही परत दिली. मग विचारलं, "तुम्हाला शाळा बघायची होती, तर बेल का नाही वाजवलीत?" आमच्या खात्यात बेल वाजवून कोणी जात नसे. मग मी सरळच विचारलं, की तुम्ही आमच्या मुलीला ख्रिस्ती करणार आहात का. त्या म्हणाल्या, "इथल्या बहुतेक मुलींच्या घरी कोणी ख्रिस्ती नाही. आम्ही कोणाची प्रार्थना करतो ते आम्ही तिला सांगितलं. घरी ती कोणाची करते ते तिने आम्हाला सांगितलं. तेव्हापासून सहा मुली विचारताहेत, की आपल्या देवाला लाडू का नाहीत. मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही."

मी माफी मागू लागलो, तर म्हणाल्या, माझी नको, तिची मागा. मागितली. हुंदके देत कस्तुरी आधी जपानीत काहीतरी बोलली, मग मराठीत म्हणाली, "आजोबा, आधी नाव सांगायचं असतं. मग यायचं." सकाळच्या प्रार्थनेत मिझुनोबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की कस्तुरीने अगदी बरोबर केलं. साडेतीनशे मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येताना स्टेशनच्या जिन्यावर तिने माझं बोट धरलं. संपदा मात्र बुधवारपर्यंत माझ्याशी फक्त "चहा ठेवलाय" एवढंच बोलली.

तर असा खुलासा. विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा,
नीलकंठ

ता. क. नाताळच्या नाटकात बाळ येशूला बघायला पूर्वेकडून तीन ज्ञानी पुरुष येतात. शाळा मुलींची असल्याने तिन्ही मुलीच आहेत, आणि एक कस्तुरी आहे. त्यांना फेटे बांधावेत असं मिझुनोबाईंच्या मनात आलं. तरी तीन फेटे ताबडतोब विमानाच्या टपालाने पाठवावेत. रंग भडक चालतील.

ता. क. दुसरा. मला फेटा बांधता येतो असं मी त्यांना सांगून बसलो आहे. येत नाही. सुयशच्या लग्नात तुम्ही एका तासात वीस जणांना बांधले होते, तेव्हा सावकाश बांधून दाखवणारा व्हिडिओ पाठवा. डोकं लहान मुलीचं घ्या.

ता. क. तिसरा. संपदाने हे सगळं तुम्हाला सोमवारीच फोनवर सांगून टाकलं असावं, असा माझा दाट संशय आहे. तसं असल्यास हे पत्र फक्त फेट्यांपुरतं वाचावं.