ओवाळणीतलं घर

२५ ऑक्टोबर, शनिवार
भाऊबीज गुरुवारीच झाली, पण इथे जर्मनीत, एर्लांगेनात, आपले सगळे सण शनिवारी. मकरंददादाकडे गेले. सख्खा नाही, नात्यातलाही नाही. पण मी पहिल्यांदा आले तेव्हा स्टेशनवर बॅगा उचलायला हाच आला होता, आणि शर्वरीवहिनींनी गरम भात वाढला होता. त्या दिवसापासून तो दादा.

ओवाळलं. ओवाळणी टाकायच्या वेळी खिसे चाचपायचं नाटक. मग म्हणाला, "तेजू, ओवाळणीत घर घे. जानेवारीअखेर आम्ही स्टुटगार्टला, नवी नोकरी. मालकिणीला सांगून टाकतो, माझ्यामागे हीच नाखमीटर, पुढची भाडेकरू. आपण सुचवलेला भाडेकरूच घेते ती, बाहेर जाहिरातसुद्धा देत नाही."
वहिनी म्हणाल्या, "अगं रडतेस काय, बासुंदी घे."

दीड वर्ष झालं. निखिल आणि आमचा ईशान पुण्यात, मी इथे तीन पोरींबरोबर एका किचनमध्ये. आता होणार सगळं.

२६ ऑक्टो., रवि
नि.ला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न: "लेखी घेतलंस का?" ह्या माणसाला आनंद म्हणून होतच नाही. म्हटलं, भाऊबीजेला दिलेला शब्द आहे, ॲग्रीमेंट करायला तो काय बिल्डर आहे?
नि. म्हणाला, "बरं. तू मालकिणीला स्वतः एक मेल तरी टाक."
नाही टाकणार. दादाला कळलं तर काय वाटेल त्याला? तुझ्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगण्यासारखंच ते.

३० ऑक्टो.
खोली सोडायची नोटीस दिली. तीन महिने आधी द्यावी लागते. दादाच म्हणाला, "देऊन टाक गं, उगाच दोन दोन भाडी कशाला." खोलीसाठी लगेच रांग लागली. एक बल्गेरियन मुलगी येणार.

२२ नोव्हें.
ईशानला व्हिडिओवर घर दाखवलं. दादानंच फोन हातात घेऊन फिरवला. "ही बघ तुझी खोली, भाचेसाहेब." ईशाननं विचारलं, खिडकीतून ट्रेन दिसते का? दिसते. लांबून, लाल रंगाची. तेवढ्यावर पोरगं खूश.
सासूबाई मागून, "तेजू, देवघर कुठे ठेवशील?" आई, आधी गादी येऊ द्या.

१२ डिसें.
व्हिसा आले!!! दोघांचे. तिकिटं फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारची. लॅबमध्ये सगळ्यांना लाडू दिले. गौरीनं तीन खाल्ले. गौरी म्हणजे आमच्याकडची नवीन पीएचडीची मुलगी, सोलापूरची. जर्मन येत नाही, त्यामुळे टपाल आलं की धावत माझ्याकडे येते. ताई, हे काय आहे, ताई, हे भरायचं का. वैतागते मी, पण गोड आहे पोरगी.

१० जाने., शनि
रंगकाम. इथे घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. दादाच्या पाठीत उसण भरली आहे, म्हणून मी गेले. तसंही माझ्याच भिंती! छतापर्यंत हात पोचत नव्हता, स्टुलावर स्टूल ठेवलं. वहिनी किंचाळल्या.
ईशानच्या खोलीला दोन हात दिले.

१७ जाने., शनि
उरलेली खोली, दारं, हीटरच्या मागची धूळ. ओव्हन तर असा घासला की बाई गं, माझ्या सासूबाईंनी बघायला हवा होता.

दुपारी मालकीण आली, फ्राऊ क. बांबेर्गला असते, क्वचित येते. मी स्टुलावर, केसांना फडकं, हातात ब्रश. "ग्रूस गॉट" म्हटलं. तिनं भिंतीवरून बोट फिरवलं, म्हणाली, फार नीटनेटकं. मी खाली उतरून ओळख करून घेणार तेवढ्यात दादा तिला किचनमध्ये घेऊन गेला. भराभरा जर्मन बोलत होते. माझं नाव ऐकू आलं नाही, पण ब्रशचा आवाज होता.
ती गेल्यावर विचारलं, करारावर सही कधी? "होईल गं. जर्मन लोक आहेत, सगळं सावकाश. तू कशाला काळजी करतेस, मी आहे ना."

२१ जाने.
दादाचा फोन लागत नाही. सामान हलवण्याच्या गडबडीत असेल.

२४ जाने., शनि
लिहिते. जसं झालं तसं.

पडद्यांची मापं घ्यायला गेले होते. जिन्यात फ्राऊ क. आणि एक उंच मुलगा, विशीतला, हातात माझ्या घराची किल्ली. दारावरच्या बेलवर नवीन नाव लावलेलं. आधी वाटलं चुकून वरच्या मजल्यावर आले.

फ्राऊ क. मला बघून हसली. "अरे, तुम्हीच ना त्या रंगवणाऱ्या? सांगितलं होतं त्यांनी, ओळखीची बाई आहे, स्वच्छ काम करते. माझ्या बांबेर्गच्या घरातही दोन खोल्या रंगवायच्यात. तुमचा नंबर द्याल का?"

रंगवणारी बाई.

मी म्हटलं, ह्या घराची नाखमीटर मी आहे. तिला कळेना. म्हणाली, तुमचं नाव कधीच आलं नाही माझ्याकडे. हा मुलगा डिसेंबरातच ठरला. डिसेंबरात! म्हणजे मी स्टुलावर चढून छत रंगवत होते तेव्हा ह्या लांबुड्याचं छत रंगवत होते. ओव्हन ह्याचा घासला.
तो बिचारा म्हणाला, भिंती खरंच छान झाल्यात, थँक्यू. माझ्या तोंडून "बिट्टे शोन" गेलं, म्हणजे त्यात काय एवढं. इतकी मूर्ख मी.
फ्राऊ क. चांगली बाई आहे. सॉरी म्हणाली. पण करार झालाय.

२५ जाने.
शेवटी उचलला फोन. आधी "तेजू, मी तुला करणारच होतो." मग बाहेर पडलं सगळं. तो मुलगा म्हणजे स्टुटगार्टच्या नव्या साहेबाचा भाचा. युनिव्हर्सिटीत आलाय, घर मिळत नव्हतं. साहेबानं सहज विचारलं आणि दादानं सहज देऊन टाकलं.
मी म्हटलं, माझं घर होतं ते.
"अगं, प्रोबेत्साइट आहे माझी, सहा महिन्यांत काढून टाकू शकतात. त्यांना नाही कसं म्हणू? तू घरची आहेस. घरच्यांना नाही म्हणता येतं, बाहेरच्यांना नाही म्हणता येत. तू समजून घेशील वाटलं."
मग सांगितलं का नाहीस? मी खोली सोडली, तू सोडायला लावलीस.
"तोंडच होईना गं."
रंगवून घ्यायला बरं तोंड झालं! ओळखीची बाई म्हणायला बरं झालं!
त्यावर म्हणे, "जर्मनला मानलेली बहीण कसं समजावणार, म्हणून पटकन तसं बोललो."
ठेवला फोन. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, आज कळलं. परक्यानं फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ह्याला शिवी द्यायला गेले की तो स्टेशनवर बॅगा उचलणारा दादा आठवतो, आणि मग जास्तच संताप येतो.

२६ जाने.
वहिनींचा मेसेज: हात जोडलेले, खाली "मन मोठं कर."

२८ जाने.
नि.ला सांगितलं. सांगायला तीन दिवस लावले. "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणेल म्हणून तयारीत होते. म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "तिकिटं पुढे ढकलू?" आणि मागून ईशान ओरडत होता, माझी ट्रेनवाली खिडकी. मी म्हटलं नाही ढकलायची. बघते मी.

३१ जाने., शनि
खोली रिकामी केली. गौरीच्या हॉस्टेलच्या खोलीत, जमिनीवर गादी. बाहेरचे पाहुणे ठेवायला परवानगी नाही, म्हणून मी तिची मावशी, दोन दिवसांसाठी. तिनं स्वतःहून बोलावलं. तिलाही मार्चअखेर हॉस्टेल सोडायचंय, मुदत संपते. दोघी घरं शोधतोय. हसलो खूप. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

८ फेब्रु., रवि
जाहिरातींना उत्तरं पाठवतेय. बहुतेकांचं उत्तरच येत नाही. आडनाव वाचूनच ठरवत असावेत. दोन ठिकाणी बघायला गेले, जिन्यात खालपर्यंत रांग. एकानं विचारलं, तुम्ही लोक रोज फोडणी घालता का? म्हटलं, आल्झो, म्हणजे, रोज नाही. खोटं बोलले.

पत्ता नाही तर आनमेल्डुंग नाही. नगरपालिकेत नावच लागलं नाही तर ईशानला शाळा कुठली?

मराठी मंडळाच्या ग्रुपवर दादाचा निरोपसमारंभाचा फोटो. गळ्यात शाल. "सगळ्यांना मदत करणारा आपला माणूस." ग्रुप म्यूट केला. सोडायला हवा होता, पण घराच्या जाहिराती तिथेच येतात.

१४ फेब्रु., शनि
गौरीला एक घर बघायला बोलावलं, ट्रेननं दोन स्टेशनं पुढच्या गावात. तिच्या प्रोफेसरच्या ओळखीनं, बाहेर जाहिरातच नाही. मला म्हणाली, ताई चल ना, मला बोलता येणार नाही.

म्हातारेबाबा, हेर ल. खालच्या मजल्यावर राहतात, वरची दोन खोल्यांची जागा द्यायची आहे. गौरीला एकटीला मोठीच आहे ती, पण तिला मिळत असेल तर ती सोडणार नाही. कोण सोडेल? मी सगळं बोलले, ती मान हलवत होती. कचरा कसा वेगळा करायचा, जिना कोणी कोणत्या आठवड्यात झाडायचा. बाबांनी कॉफी दिली. निघताना म्हणाले, सोमवारपर्यंत कळवतो, नंबर द्या. गौरी म्हणाली, ताईचाच द्या, मला फोनवर काही कळत नाही.

परत येताना ट्रेनमध्ये ती भिंतीचा रंग ठरवत होती. पिवळा.
मी खिडकीबाहेर बघत होते. एकच विचार. ईशान इथे झोपला असता.

१६ फेब्रु., सोम
हेर ल.चा फोन आला. लॅबच्या कॉरिडॉरमध्ये घेतला.
म्हणाले, ती मुलगी चांगली आहे. पण एकटी, दोनतीन वर्षांत शिक्षण संपलं की जाईल. तुम्ही म्हणालात ना, नवरा येतोय, मुलगा येतोय. घरात लहान मूल असलं तर मला आवडेल, माझी नातवंडं लांब आहेत. तुम्ही का नाही घेत? एक तारखेपासून द्यायला तयार आहे. उद्या दुपारपर्यंत सांगा.

मी "गेनाऊ, गेनाऊ" एवढंच म्हणत होते. काय गेनाऊ? काय अगदी बरोबर? थँक्यू म्हणून ठेवला.

नि.ला फोन केला नाही. केला तर तो हो म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. पुढच्या आठवड्यात दोघं विमानात बसणार. मी त्यांना काय गौरीच्या गादीवर झोपवू?
तिला काय सांगायचं तेही मनात जुळून आलं. तू एकटी आहेस, तुला कुठेही मिळेल. तू समजून घेशील.
हे वाक्य माझ्या डोक्यात आलंच कसं?

संध्याकाळी गौरीनं खिचडी टाकली. माझ्यासाठी वरून तूप, तिचं संपत आलेलं. ताट हातात देत म्हणाली, "ताई, केला का गं त्या आजोबांनी फोन?"
मी म्हटलं, "नाही. अजून नाही आला."