जहाजाला जुंपलेले बैल

माघ वद्य चतुर्थी, शके १७८५ (इंग्रजी १८६४)

सत्तार गेला! हजला गेला. अर्धी अमरावती वेशीपर्यंत पोचवायला. कापसाला असा भाव आला की अब्दुल सत्तार पिंजारी मक्केला निघाला — मागं कुणी म्हटलं असतं तर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. भुसावळपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडीनं मुंबई, पुढं जहाज.

निघण्याआधी दारोदार फिरून माफी मागत होता. हजला जाणाऱ्यानं मागायचीच असते म्हणे. माझ्यापाशी आला. "कहा-सुना माफ कर, नत्थ्या." मी म्हटलं, "तुह्या डफाचा ठोका चुकते, तो माफ नाही." हसला. गळ्यात पडला. त्याच्या अत्तराचा वास अजून माझ्या अंगरख्याला आहे. आमची कारभारीण गोदा म्हणते, धुवाले टाका. नाही टाकणार.

फाल्गुन शुद्ध दशमी

डफाशिवाय चाल बसत नाही. शब्द माझे, ठोका त्याचा — मिसरूड फुटायच्या आधीपासून असंच. शेवटच्या कडव्यात नावाची छापही दोघांची, 'नत्थू-सत्तार सांगे'. आता एकटा काय सांगू?

चैत्र वद्य षष्ठी, शके १७८६

अकोल्याचे रुईचे दलाल खुशालराव मुंबईहून आले. सरळ माझ्याकडे. पाणीसुद्धा घेतलं नाही. "जहाज बुडालं, नत्थुजी. एडनच्या अलीकडं. कोनी नाही वाचलं म्हनतात."

"म्हणतात ना? पाहिलं कुणी?"



त्याच्या बायकोला, खुर्शीदबीला, मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? डाळ निवडत होती. ऐकलं नि पुन्हा सूप हातात घेतलं. "लोक काही बी म्हनतात, नत्थूभाई."

वैशाख शुद्ध द्वितीया

रडू येत नाही. गाणं येतंय.

वैशाख शुद्ध अष्टमी

जहाजाचं गाणं झालं. शेवटचं कडवं सोडून.

समुद्र मी कुठं पाहिलाय! मोठं पाणी पाहिलं ते पूर्णेच्या पुराचं. आणि सत्तार आठवतो तो गाडीवरच — खामगावच्या वाटेवर, मागं रुईचे गठ्ठे, चाक चिखलात, आणि हा बैलांची मनधरणी करतोय. म्हणून जहाजालाही बैल जुंपले गेले. लाटांत रुततात, तो त्यांना नावानं हाका मारतो, पाठीवर हात फिरवतो.

खुशालरावांना ऐकवलं. आधी हसले. "अहो, जहाजाले बैल नसतात! शिडं असतात." मग पुढचं ऐकता ऐकता उपरण्यानं डोळे पुसू लागले. तरी मी ओशाळलो ते ओशाळलोच. बैल काढले, शिडं घातली.

वैशाख पौर्णिमा

गावात काही झाकून राहतं का! खुर्शीदबी स्वतः आली. दाराआड उभी. "म्हना." म्हटलं — शिडांचं.

"हे कोनाचं गानं? त्याइले शिड काय मालूम? बैल होते म्हने, कावून काढले?"

"जहाजाला बैल नसतात, भाभी."

"असू द्या. तेवढीच सोबत."

 बैल पुन्हा जुंपले.

निघताना म्हणाली, "पन शेवटचं कडवं करू नका. तुमी केलं का मंग गेलेच ते. सारा गाव म्हनंल, गेले." बरं म्हणालो. मान वर करवली नाही.

ज्येष्ठ शुद्ध तृतीया

रऊफ रंगाऱ्यानं बाजारातल्या भिंतीवर जहाज काढलंय. बैलांसकट! शिंगांना लाल गोंडे. लोक हसत येतात नि गप्प होऊन जातात. त्याच भिंतीखाली काल गाणं म्हटलं. शेवट येईना तेव्हा गिल्ला झाला, "पुढं काय? पुढं सांगा ना!" उठून घरी आलो.

खुशालरावांनी अकोल्याला बैठक ठरवली आहे. निरोप धाडला — अर्धं गानं नका आनू.

ज्येष्ठ वद्य नवमी

शेवट मला येतो. ओठावर आहे. एकदा म्हटला की रडू सुटेल, हेही ठाऊक आहे. मला रडायचंय, तिला वाट पाहायचीय, आणि गाणं एकच! गोदाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचा दोस्त, तिचा मालक. कोनाचं दुख मोठं, तुमीच सांगा."

अकोल्याला येत नाही म्हणून कळवलं. खुशालराव चिडले असतील. चिडोत.

आषाढ वद्य एकादशी

पाऊस. पेरण्या उरकल्या. कपाशी सोडून कुणी काही पेरलेलंच नाही. रऊफच्या जहाजाचा रंग ओघळतोय. तो म्हणतो पुन्हा भरतो.

श्रावण शुद्ध चतुर्थी

मोर्शीचे दोघे हाजी परतले. ते दुसऱ्या जहाजानं गेले होते. मक्केत सत्तार त्यांना कुठंच दिसला नाही. खुर्शीदबी मोर्शीला जाऊन त्यांच्या ओट्यावर दुपारभर बसून आली. काही विचारलं नाही म्हणे. नुसती त्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

श्रावण शुद्ध नवमी

खुर्शीदबी आली. आत येऊन बसली. "लिवा," म्हणाली. "मोहल्ल्यातल्या बाया इचारून राहिल्या, मक्केच्या इहिरीचं पानी, झमझम, ते आनतो म्हनत होते, कवा येते? त्याइले काय सांगू? हे सांगतो आता."

थांबत थांबत तिनं सांगितलं, मी उतरून घेतलं —

झमझम आनाले गेला, त्याले दर्या झमझम झाला,
खुर्शीद म्हने, जाय सत्तारा, तुहा हज कबूल झाला!

छापेत माझं नाव नाही. नकोच.

बायको नवऱ्याचं नाव घेत नाही — आमच्यात नाही, त्यांच्यातही नाही. आज तिनं घेतलं. मग आम्ही दोघंही रडलो, पोटभर.