लेटरबॉक्समधली मांजर

३ ऑगस्ट २०२५, सेंगकांग, सिंगापूर

ती. आईस, सविनय जय भीम.

चार महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर बोलतो, पण सांगायचं तेच राहून जातं.

इथल्या आपल्या बौद्ध मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मी नाव दिलंय. आजवर पुरुषच झाले. गुरुवारी लेटरबॉक्समध्ये एक कार्ड मिळालं. तिकीट नाही, सही नाही. पट्टा घातलेली मांजर, जबडा उघडा, पंजा मतपेटीवर. आमच्या राणीचा शाळेतला चित्रकलेचा प्रकल्प इंग्लंडमधल्या बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यावर आहे. तिची फाइल उघडली, तर पहिल्याच पानावर शंभर वर्षांपूर्वीच्या पोस्टकार्डांवर अशाच मांजरी. बायकांनी मत मागणं म्हणजे नुसती म्यावम्याव, अशी टिंगल. पुढे वाचवलं नाही.

संशय आधी प्रबोधभाऊंवर आला, तेही उभे आहेत. पण कागद जाड, समीर ऑफिसमधून आणतो तसा. मी तो उजेडात धरून पाहिला. नवऱ्याचा कागद तपासणारी बाई मी कधी झाले? काल राणीसमोरच त्याला टोमणा मारला. तो ताटावरून उठला. मनात काही नसतं तर हसला असता ना?

२५ तारखेपर्यंत नाव मागे घेता येतं. घ्यावंसं वाटतं. गुडघा सांभाळ, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी दीप्ती

१२ ऑगस्ट, नागपूर

चि. दीप्तीस अ. उ. आ.

तू चौथीत असताना मी वस्तीच्या सोसायटीला उभी होते. एका सकाळी पाण्याच्या टाकीवर आरवणारी कोंबडी रंगवलेली, लाल रंगात. शेजारच्या गजभियेबाईंचंच काम, असं धरून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि नाव मागे घेतलं. दोन वर्षांनी माळ्यावर तुझ्या बाबांच्या ट्रंकेमागे लाल रंगाचा डबा सापडला. विचारलं नाही. ते गेले, डबा डोक्यात राहिला.

तू सरळ विचार. उत्तर काही येवो, नाव मागे घ्यायचं नाही. जावईबापूंना सांग, सासूचा राग वेगळा आणि लोणचं वेगळं. लोणचं पाठवते आहे. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी आई, कमलाबाई

२४ ऑगस्ट, सेंगकांग

ती. आईस, सविनय जय भीम.

सरळ विचारलं. समीर म्हणाला, सोळा वर्षांत एवढंच ओळखलंस का मला. तेव्हा राणी रडत फाइल घेऊन आली. मांजर तिची, कागद समीरचा. मला खूश करायला टाकलेलं कार्ड मी उजेडात धरलेलं पाहून ती घाबरली आणि गप्प बसली. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, आई, यू ओन्ली रीड पेज वन लाह!

दुसऱ्या पानावर बायकांच्या बाजूचं पोस्टर होतं. तुरुंगात उपोषण करणाऱ्या बाईला सरकार सोडायचं, जरा सावरली की पुन्हा धरायचं. म्हणून सरकार म्हणजे भलामोठा बोका, तोंडात बाई. राणीला वाटलं, या वेळी पंजा आईचा असू दे.

नाव ठेवलंय. पण आई, आपलं जुनं फाटक लाल होतं ना? तो डबा फाटकाचा तर नसेल? मला खात्री नाही. तुला तरी होती का? गजभियेबाई अजून शेजारीच आहेत.

समीर कामापुरतंच बोलतो. तुझ्या लोणच्याची बरणी मात्र त्यानेच उघडली. अशीच खरं लिहीत राहा.

तुझी दीप्ती

ता. क. उद्याचं काम: राणीसमोर समीरची माफी मागणे.