पडद्याची बायकांकडची बाजू

६ एप्रिल, जळगाव
दुपारपासून खोलीवरचा पत्रा तडतडतोय. कॉलेजच्या मॅडमनी प्रकल्पाचा विषय अखेर मान्य केला : तो जुना डिस्कोचा पिक्चर आणि आमच्या भागातल्या प्रेक्षकांची त्याबद्दलची मतं. तीस माणसं हवीत, पन्नाशीच्या आसपासची किंवा पुढची. "रूपाली, मतं आण. गोष्टी नको आणूस. आपल्याकडची माणसं गोष्टी फार सांगतात."
पिक्चर मोबाइलवर दोनदा पाहिला. नायकाची पँट चांदीच्या कागदाची असावी. पण शेवटचं गाणं लागलं की पाय हलतात, हे कबूल करते. नायकाच्या मागे आठ मुली, डाव्या बाजूला लाल दिव्यांचा एक खांब, बाकी धूर.
नानांना फोनवर विषय सांगितला. म्हणाले, "दुसरा पिक्चर नही भेटना का तुले?"
एरवी हेच नाना दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगतात की घरातली पहिली ग्रॅज्युएट माझी पोर.

८ एप्रिल, धुळे
प्र. १ ते ६ झाले. (प्र. म्हणजे प्रेक्षक. वहीत तसंच चालवणार.)
कापडाचे एक शेठजी भेटले, मूळचे राजस्थानचे. "बेटा, मी पिक्चर पाहिला नाही, विकला. चमकीचं कापड सुरतेहून आणायचो, गाठोडं सोडायच्या आत संपायचं."
"तुमचं मत?"
"मत असं की चमकी पहिल्या धुण्यात जाते." स्वतःच हसले.
त्यांच्या मुनीमजींनी थिएटरात नऊ वेळा पाहिलाय. आठवण तपासायला मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते : शेवटच्या गाण्यात मुली किती? मुनीमजी डोळे मिटून म्हणाले, "आठ. उजवीकडून तिसरीची टिकली पडलेली." नंतर मोबाइलवर पाहिलं. खरंच पडलेली आहे.
शेठजी सोडून धुळ्यात सहाच्या सहा जणांनी आठ सांगितल्या. आपण काहीतरी शास्त्रशुद्ध करतोय असं वाटलं. बरं वाटलं.

११ एप्रिल, घरी
भडगावहून काळी-पिवळी, मग गिरणेच्या पुलापासून पायी. आमच्या गावात थिएटर कधीच नव्हतं. हा पिक्चर जत्रेत आला होता, तंबूत.
भिका आबांपासून सुरुवात केली. आमच्या शेजारचे, पंच्याहत्तरीचे. मत विचारलं तर म्हणाले, नायक काय नाचतो, झटके येतात त्याला. मग मुली किती ते विचारलं.
"नऊ."
"आठ आहेत, आबा."
"नऊ व्हत्यात. नववी बठ्ठ्यास्मा भारी. ती उघड्या पायनी नाचे."
सगळ्यांत भारी, आणि अनवाणी! बाकीच्या मुलींना उंच टाचेचे बूट आहेत. मी मोबाइल काढला, गाणं लावलं. आबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि बोट टेकवलं. "ती काय."
बोटाखाली लाल दिव्यांचा खांब होता.

१२ एप्रिल
आज गावातले चार पुरुष, वेगवेगळ्या घरांत, एकमेकांना न सांगता. चौघंही नऊ म्हणाले. चौघांनी मोबाइलवर बोट ठेवलं ते खांबावरच. मी खोलीत बसून ते गाणं थांबवत थांबवत पाहिलं. खांब आहे. दिवे आहेत. एक दिवा गेलेला आहे. बाकी काही नाही.
चौथे जे होते, निवृत्त शिपाई, ते जरा जास्त वेळ बघत राहिले. मोबाइल परत देताना हळहळले. "ती बी म्हातारी व्हयी गयी, बेटा."
मला हसू आलं. त्यांना नाही आलं.
परत पाहिलं. आठही मुली होत्या तितक्याच तरुण.

संध्याकाळी गल्लीतल्या कौतिकअक्कांकडे. गच्चीवर ज्वारीचे पापड, आमचे बिबडे, वाळत घालत होत्या, मीही हात लावला. अक्का नानांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या.
"आम्हले काय इचारस मत? आम्ही पिक्चर मांगून दखं." तंबूत पडदा मधोमध असायचा. मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्यापलीकडे बायका. बायकांना सगळं उलटं दिसायचं. "माले वाटे हिरो डावखुरा शे. तुना काका लगीन झाल्यावर सांगे, नही वो, उजवा शे. दोन दिन भांडनूत आम्ही."
मी म्हटलं, शेवटच्या गाण्यात मुली किती होत्या?
अक्कांचा हात बिबड्यावर थांबला.
"आठ."
"आणि नववी?"
"ते तुना बापले इचार." खाली निघून गेल्या. बिबडे मी एकटीनेच घातले.

१३ एप्रिल, भडगाव
तंबूवाल्याकडे काम केलेला माणूस सापडला! गफूरचाचा. आता पंक्चरचं दुकान आहे. आधी स्वच्छ मराठीत, मग रंगात येऊन हिंदीत.
कापड कोरडं असलं तर पलीकडे धूसर दिसतं. म्हणून ते ओलं ठेवायचं. बादली चाचांकडे. दर रिळाला पाणी मारायचं. "और एक बात, बेटा. ओल्या कापडाला चिकटून पलीकडे कुणी उजळ कपड्यात उभं राहिलं, तर पुढून दिसतं. धुरासारखं."
मी आमच्या गावाचं नाव सांगितलं.
"तुमच्या गावात होती एक मुलगी. गाणं लागलं की उठायची, कापडाला भिडून नाचायची. तीन दिवस जत्रा, तीन दिवस नाचली. इकडे पुरुष वेडे. त्यांना वाटायचं पिक्चरमधलीच आहे. शिट्ट्या तिच्यासाठी."
"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"
"क्यूँ बोलता? त्याच पिक्चरला धंदा दुसरीकडे अर्धा होत होता."
"नाव काय तिचं?"
"बायका इंदू म्हणायच्या."

बसमध्ये लिहिते आहे. इंदू माझी आत्या. नानांची मोठी बहीण. तिचा फोटो घरात नाही. सोळाव्या वर्षी ताप येऊन गेली, एवढं एकच वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय.
पुरुषांना नववी का दिसली, ते कळलं. हायसं वाटलं.
पण माझ्या मोबाइलला ओलं कापड कुठे आहे.

१५ एप्रिल
नानांच्या दुकानात गेले. पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार भरत होते. वेढे मोजत असताना त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मी बोलले.
"इंदूआत्या कशाने गेली?"
"ताप."
"कुठला महिना?"
"चैत."
"जत्रा पण चैत्रातच असते, नाना."
तार तुटली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून तार तुटताना मी पाहिली नव्हती.
"ते लिखू नको."
"मग मी खोटं लिहू?"
"मतं लिख ना. तुनी मॅडमनी मतं सांग्यात. हाई काय मत शे?"
मी तुटलेली तार उचलून ठेवली. फक्त एवढं वाटतं की मुनीमजींना एका अनोळखी मुलीची पडलेली टिकली आठवते, आणि आमच्या घरातल्या मुलीचं नाव घ्यायला तंबूचा गडी लागतो. हे बरोबर नाही. ती मेली की मारली की निघून गेली, ते मला कळायला हवं. प्रकल्पासाठी नव्हे.

१६ एप्रिल
ग्रामपंचायतीत मृत्यूचं जुनं रजिस्टर पाहिलं. ते वर्ष, पुढची दोन वर्षं. इंदूची नोंद नाही. जिन्यातच बसले, इतका आनंद झाला.
ग्रामसेवक मागून आले. "ताई, त्या काळात निम्म्या लोकांच्या नोंदीच नाहीत. नोंद नाही म्हणजे माणूस जिवंत आहे, असं नसतं हो."

१७ एप्रिल
ठरवलं. पिक्चर गावात लावायचा. जत्रेच्याच पटांगणात, कापडावर, ओलं करून, तेव्हाच्याच प्रेक्षकांपुढे. संपल्यावर सगळ्यांसमोर विचारायचं, इंदूचं काय झालं. इतकी माणसं एकदम खोटं बोलू शकत नाहीत.
प्रोजेक्टर मॅडम द्यायला तयार आहेत. परवा आणते. सोमवारी परत करायचाय.
आई म्हणाली, "तू जाशील जळगावला. गावात तोंड मला दाखवायचंय." चूक नाही तिचं. तरी लावणार.

२० एप्रिल
काल झालं ते नीट लिहायला हवं.
पाण्याची बादली मीच मारली. चाळीसेक माणसं आली. कुणी काही सांगितलं नाही, पण बायका आपसूक पडद्यामागे गेल्या. माझ्या वयाच्या सुनासुद्धा. नाना पुरुषांत, शेवटच्या रांगेत. येतील असं वाटलं नव्हतं.
हशा, शिट्ट्या. नायक आला तेव्हा भिका आबा ओरडले, "पँट ढिली कर रे भो, मरशी!" मस्त चाललं होतं.
शेवटचं गाणं लागलं आणि पुरुष गप्प झाले. एक शिट्टी नाही. मी मोजल्या. आठ. परत मोजल्या. आठ. भिका आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सगळ्यांच्या माना डावीकडे, खांबाकडे, आणि त्या माना हलत होत्या. एकदम, एकाच तालात, इकडून तिकडे. खांब तर जागच्या जागी होता.
नाना उठले. पटांगण ओलांडून पडद्याच्या कडेने बायकांकडे गेले. पुरुष माणूस तिकडे जात नाही. कुणी अडवलं नाही.
मी पळत मागे गेले तोवर गाणं संपलं होतं. बायका पडद्यापासून लांब, गोल बसलेल्या. पडदा आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा, पाच-सहा पावलांची. एवढ्या दाटीत तिथे एकही बाई नव्हती, एक पोरही नव्हतं. नाना त्या जागेच्या काठाशी उभे.
"इथे कुणी का नाही बसलं?" मी कौतिकअक्कांना विचारलं.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "कसं बसतीन?"
ठरवलेला प्रश्न विचारायचा राहिला. माणसं उठून गेली होती.

सकाळी नाना स्वतःच बोलले. चहा गार होईपर्यंत बोलत होते. जसं आठवतं तसं :
"मी आठ वरीसना. लहान पोरं बायकांकडेच बसत. तिन्ही दिन मी तिना पायपाशी बसेल व्हतो. माले इतली मोठाई वाटे. तिसऱ्या दिवशी घरी ऊनू आणि आबाले सांगं, आपली अक्का पिक्चरमा शे."
आबा म्हणजे माझे आजोबा, अक्का म्हणजे इंदूआत्या.
"आबा म्हणे, कोनी दखं? मी म्हणं, बठ्ठ्यास्नी. बठ्ठा शिट्ट्या मारेत."
पहाटे त्यांना एस.टी.त बसवून मामाकडे, चोपड्याला पाठवलं. पंधरा दिवसांनी आले तर अक्काची गोधडी नाही, कपडे नाहीत. ताप आला, एवढंच सांगितलं. गोधडी का नाही, हे त्यांनी आबा मरेपर्यंत विचारलं नाही. आजीलाही नाही.
"आणि तुम्हाला काय वाटतं, नाना?"
"माले काय वाटस, हाई कोनी इचारंच नही."
"मी विचारतेय."
बशी हातात धरून बसले. मग म्हणाले, मी सांगितलं नसतं तर.
काल पडद्यामागे काय दिसलं, ते मी विचारलं. ते बशी विसळायला उठले.

२१ एप्रिल
मॅडमचा फोन. "किती झाले?" सव्वीस म्हटलं. "नऊ-आठचं काहीतरी लिहिलंयस मेलमध्ये. सामूहिक स्मृतीची चूक, असा एक परिच्छेद टाक आणि पुढे जा." हो म्हटलं. परिच्छेद लिहिला. सगळा बरोबर आहे : ओलं कापड, उजळ कपडे, चाळीस वर्षं. वाचून पाहिला आणि कौतिकअक्कांसमोर हा वाचून दाखवायची माझी हिंमत होईल का, असा विचार आला.

प्रोजेक्टर उद्या परत करायचा, म्हणून दुपारी पटांगणात कापड उतरवायला गेले. नाना आधीच तिथे. दुकान बंद करून आलेले. बादली घेऊन कापडाला पाणी मारत होते. या उन्हात दहा मिनिटांत वाळतं, हे परत मारतात. विहिरीवरून येणाऱ्या बायका बघत होत्या, कुणी हसत नव्हतं.
भिका आबा काठी टेकत आले. "आज बी शे का रे?"
"शे," नाना म्हणाले. मला विचारलं नाही.
"नाना, कशाला?"
"तिले इचारनं ऱ्हायनं."
मी सांगणार होते. की पुढून मला दोन्ही वेळा आठच दिसल्या. की ओल्या कापडामागे कुणी उभं राहिलं तरच दिसतं. गफूरचाचा साक्षीदार आहेत. सगळं सांगणार होते. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "तू पुढे बस. मोजजो."
घरून चटई आणली होती. ती घेऊन ते पडद्यामागे, त्या मोकळ्या जागेच्या काठाशी गेले आणि अंथरली. मोठी होती, दोघांची.
"दुसरं कोण बसणार?"
"नाचीसन थकनी का बसी ती."

प्रोजेक्टर जोडून झाला. अजून उजेड आहे, अंधार पडायची वाट बघत लिहिते आहे. पुरुष जमायला लागलेत. माझ्या मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणतंय की आज जरा लवकर लावा, तिला उभं राहवत नसेल. कापड जमिनीपासून वीतभर वर आहे. खालून नानांचे पाय दिसतात, मांडी घातलेले. चटईच्या एका कडेला अगदी सरकून बसलेत ते.