काच फुटणार नाही

सातारा
मंगळवार, ता. ९ एप्रिल १९७४

तीर्थरूप हंबीरदादा यांस,

साताऱ्याहून आकारामचा वाकून नमस्कार. मी इकडे खाऊनपिऊन बरा आहे, तिकडे घरातली सगळी बरी असतील असं धरून लिहायला बसलो आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तांबडी गाय व्याली का? ऊस कारखान्याला गेला, का अजून तोडीवाल्यांची वाट बघताय? वहिनींना नमस्कार सांगा. माझं अक्षर आहे तसंच आहे. सहावीत शाळा सुटली ती सुटली. जिथं लागणार नाही तिथं अंदाजानं वाचा.

इथं ऊन लय वाढलंय. स्टुडिओला उजेडासाठी वरून काचा आहेत, त्यामुळं दुपारचं आत बसलं की माणूस भाजून निघतो. मालक भाऊसो शिव्या देतात, पण शिकवतात. खानावळीतल्या आमटीत डाळ शोधावी लागते. बाकी नवीन काही नाही.

नवीन नाही म्हणालो, पण आहे. तुमचं पत्र पोचलं.

पत्र कसलं, पलटणीतली ऑर्डरच ती. बँडवाल्यांच्या फोटोची काच फोड, उरलेली कार्डं जाळ, पहिल्या गाडीनं गावी ये, नाहीतर तू मला मेलास. दादा, तुम्हाला हवालदारावर का थांबवलं कळत नाही, सुभेदारच करायला पाहिजे होतं.

तर ऐका. काच फोडणार नाही. कार्डं माझ्याकडं नाहीतच, ती बँडवाल्यांनी मिरजेपासून कराडपर्यंत कधीच वाटली. आणि गावी मी बोलावलंत तर येईन, हुकमानं येणार नाही.

तुम्हाला वाटतं, मी हे घरावर डूख धरून, ठरवून केलं. कसं झालं ते लिहितो, मग काय वाटायचं ते वाटू द्या.

माघात मालक एका लग्नाचे फोटो काढायला वाईला गेले. जाताना म्हणाले, "आकाराम, पासपोर्टवाला आला तर काढ. ग्रुप आला तर उद्या या म्हण. लाकडी कॅमेऱ्याला हात लावलास तर हात मोडून ठेवीन." लाकडी कॅमेरा म्हणजे तीन पायांवरचा, काळं कापड डोक्यावर घेऊन काचेवर फोटो घ्यायचा. ग्रुपला मालक अजून तोच वापरतात.

ते गेले आणि दारात ग्रुप उभा. मिरजेच्या रसूल मास्तरांचा बँड. साताऱ्यात लग्न वाजवून परत निघालेला, अंगावर लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. मास्तरांना लग्नसराईच्या आधी जाहिरातीचं कार्ड छापायचं होतं, वर सगळ्या पार्टीचा फोटो पाहिजे होता. म्हणाले, "उद्या आम्ही मिरजेत. आज हुईल का?"

मी म्हणालो, "हुईल की."

जीभ माझी, दादा, लहानपणापासून अशीच. तुम्हीच म्हणायचा.

मला येत होतं ते मालकांच्या पाठीमागं उभं राहून दिसतं तेवढंच. पितळी बाजा उजेडात चमकला की फोटोत तिथं पांढराफेक डाग येतो, म्हणून मालक त्याच्यावर गिऱ्हाइकांच्या तोंडाची पावडर लावतात, हे बघितलं होतं. किती लावतात ते बघितलं नव्हतं. मी डबा रिकामा केला.

रसूल मास्तर बघतच राहिले. "आरं बाबा, चिंच लावून लावून घासलंय पोरांनी ते! तू तर माझ्या बाजाची नवरी करून सोडलीस."

"फोटूत चांगलं येतंय, मास्तर."

"असलं किती फोटू काढल्यास?"

"लय काढल्यात."

मोठा भोंगा गळ्यात अडकवलेला शमशेर म्हणून एक जाडजूड गडी होता. तो म्हणाला, "मास्तर, ह्याची मिशी बघा, आत्ता कुठं उगवाय लागलीया. काढलं आसतील, पाटीवर!"

सगळे हसले. मी ऐकलं नाही असं केलं. खुर्च्या मांडल्या, मधली मास्तरांना दिली. मोठा ढोल कडेला एका उंच स्टुलावर उभा केला. मग म्हणालो, "आता वाजवल्यासारखं करा." वाजवा म्हणालो नव्हतो. शमशेरनं छातीभर वारा घेऊन फुंकलं. भोंग्यातली पावडर अशी उडाली की अर्धा बँड शिंकायला लागला, आणि तेवढ्यात माझ्या हातून कॅमेऱ्याच्या तोंडाचं झाकण निघालेलं. एक काच वाया गेली. मालकांची काच. मी म्हणालो, "ही नुसती ट्रायल हुती."

"मंग आमच्या शिंका बी ट्रायलच्या समज," शमशेर म्हणाला.

पावडर पुसून घेतली. नवी काच आणून ठेवली आणि परत कापडात डोकं घातलं.

त्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. पाय वर, डोकी खाली. मालकांना सवय आहे, मला अजून गरगरतं. म्हणून मी वरच्या कडेपासून बघत आलो, म्हणजे पायांपासून. काळे बूट, काळे बूट, काळे बूट. आणि ओळीच्या टोकाला, ढोलाच्या स्टुलामागं, दोन अनवाणी पाय. बाईचे. एका पायाच्या पंजावर दुसरा पाय ठेवलेला. बोटांत जोडवी नाहीत.

तुम्ही ओरडायला लागलात की चुलीपाशी असं कोण उभं राहायचं, ते मी सांगायला नको.

सगळ्या बँडच्या डोक्यांवर ते दोन पाय, आणि मी कापडाच्या आत तसाच.

दादा, आपण दोघंही नाव घेत नाही. तुमच्या पत्रात नुसतं "ती बया" आहे. मी लिहितो. राही. आपली बहीण, माझ्यापेक्षा मोठी, तुमच्यापेक्षा धाकटी. सासरहून पाठीवर वळ घेऊन यायची आणि तुम्ही दरवेळी तिला परत पोचवून यायचा. नांदणाऱ्या बाईला एवढं चालायचंच, म्हणायचा. मग आप्पासोकाकांकडच्या लग्नात हळदीला ती गायली. नवरीकडच्या बाया गप्प झाल्या होत्या, आठवतं का? बँड रसूल मास्तरांचाच होता. त्यांच्या बायकोनं, जरिनाबींनी, ते गाणं ऐकलं आणि विचारलं, येतीस का आमच्यासंगं? ती काही काळोखातनं गेली नाही. दिवसाढवळ्या, सगळ्या स्टँडदेखत, जरिनाबींच्या शेजारी यष्टीत बसून गेली. तुम्ही गावाला सांगितलं, पळाली. पुढं सांगितलं, मेली. आणि सगळ्या घराला ओढ्यावर नेऊन तिच्या नावानं आंघोळ घातलीत, माणूस जाळून आल्यावर करतात तशी. आईच्या डोक्यावर तर तुम्ही तुमच्या हातानं तांब्या ओतलात. जित्या लेकीचं सुतक.

तुम्ही सगळीकडं सांगता, आकाराम उनाड, राबायला नको म्हणून पळाला. मी राबायला भीत नाही. इथं मी झाडण्यापासून काचा धुण्यापर्यंत सगळं करतो. मी त्या दिवशी तुमच्या मागनं ओढ्यापर्यंत आलो आणि काठावरनं मागं फिरलो. अंगावर पाणी घेतलं नाही. तसाच चालत स्टँडवर, आणि आली त्या गाडीत. गर्दीत तुमच्या ध्यानात आलं नसेल. आजवर तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. चुकलो म्हणून सांगत नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

तर मी कापडात. बाहेरनं शमशेर ओरडला, "झोपला का काय रं गड्या?"

मी बाहेर आलो. म्हणालो, "ढोलाच्या मागं कोण हाय, त्यांनी फुडं या."

मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला तितं. तिलाच नको हाय. गावाकडचं कुणी बगंल म्हणून."

"त्या काय करत्यात बँडात?"

"गाती. निम्मी लग्नं तिच्यामुळं मिळत्यात."

"मग गाणारी ढोलामागं आन् ढोलवाला फुडं? जाहिरात कशाची करताय, लपंडावाची?"

"तू तुजं काम कर की, बाबा."

मी काम करणारच होतो. पण तोंडातनं गेलं, "आक्का, फुडं ये."

शमशेरचा भोंगा खाली आला. कुणी शिंकलंसुद्धा नाही. ढोलामागं पदर हलला आणि ती बाहेर आली. वाळली नाही, दादा. भरलीया.

"मला दारातच कळलं हुतं तू हाइस," ती म्हणाली. "आवाजावरनं. म्हणून तर मागं जाऊन उभी ऱ्हायले."

"मला बघून?"

"तुझ्या हातचा फोटू आन् त्यात मी. दादा तुला बी सोडायचा न्हाई, आक्या. कळतंय का तुला काय?"

"कळतंय. ये."

रसूल मास्तर मधल्या खुर्चीवरनं उठले. डोक्यावरच्या टोपीनं खुर्ची झटकली, टोपी परत घातली आणि मागच्या ओळीत जाऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमी उभं?" शमशेर म्हणाला. "फोटूत?"

"गप ऱ्हा. प्वाट आत घे."

आक्का बसली. डोक्यावर पदर घेतला, मग थोड्या वेळानं आपणच मागं सारला. पाय खुर्चीखाली ओढायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "पाय लपवू नगंस." तिनं ते पुढं घेतले आणि एकावर एक ठेवले, चुलीपाशी ठेवायची तसे. फक्त मान खाली नव्हती. मी सगळ्यांना हलू नका म्हणालो आणि झाकण काढलं.

हा झाला फोटो. कार्डावरच्या नावाचं म्हणाल, तर तेही मी टाकलेलं नाही. मास्तर "मिस चंद्रिका" छापणार होते. "गायिका राहीबाई कडेगावकर" हे तिनं स्वतः सांगितलं, निघताना, दारात. मी म्हणालो, आक्का, गावाचं नाव कशाला घालतीस? ती म्हणाली, "मग मी कुठली हाय?" ह्याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर कळवा, मी मिरजेला पोचवतो.

मालक आले तेव्हा वाया गेलेल्या काचेपायी माझ्या कानाखाली बसली. ती वाजवीच होती. मग दुसरी काच उजेडाला धरून लय वेळ बघत राहिले. म्हणाले, "ढोल अर्धा तोडलाईस. कडेच्यानं डोळं मिटल्यात. पण ही बाई बसलीया, आकाराम. बसावं तशी बसलीया." आणि फोटोची मोठी प्रत काढून बाहेरच्या शोकेसात लावली. स्टँडकडून राजवाड्याला येताना डाव्या हाताला दिसते. जाणारेयेणारे थांबतात. मी फोडली नाही तर स्वतः येऊन फोडीन म्हणून तुम्ही लिहिलंय, खुशाल या. शोकेसालाही काच आहे. पण दगड मारायला नेम धरावा लागतो, आणि नेम धरायचा म्हणजे आधी तिच्याकडं बघावं लागेल. एवढ्या वर्षांत तेवढं एक तुम्ही केलेलं नाही.

आता शेवटचं. पत्राच्या तळाला तुम्ही लिहिलंय की आईचं काय बिनसलंय कळत नाही, एवढ्या दिवसांनी जात्यावर डाळ भरडताना गायला लागली, आणि विचारलं की गप्प बसते.

दादा, शिमग्याच्या आधी गावाकडनं बनूकाकू इथं लेकीकडं आली होती. तिच्या पिशवीत मी फोटोची एक प्रत घालून दिली. माझी पत्रं आईला तुम्ही वाचून दाखवाल तेवढीच कळतात, "आकाराम बरा आहे" एवढीच. फोटो बघायला तिला तुमची गरज नाही. तिनं तो कुठं ठेवलाय मला ठाऊक नाही, असतं तरी लिहिलं नसतं. शोधू नका. तिला विचारू नका. गाते तेवढं गाऊ द्या. तुम्ही ओतलेलं तांब्याभर पाणी तिच्या अंगावर वाळलं, असं समजा.

आणि काच फोडली नाही म्हणून मी मेलो असं धरायचं असेल, तर धरा. ओढा तिथंच आहे. माझ्याही नावानं आंघोळ करा. फक्त ह्या वेळी पाण्यात उतरायच्या आधी एकदा मागं वळून बघा, तुमच्या पाठीमागनं कोण कोण येतंय ते. आई येणार नाही, हे मी इथं बसून सांगतो.

वासरू झालं असेल तर त्याला माझ्याकडनं थोपटा. आईला नमस्कार सांगा, आणि तेवढा तरी सगळा सांगा.

राहीआक्काचा,
आणि तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचाही भाऊ,
अंगावर पाणी न घेतलेला,
आकाराम