अडलेला आणि थांबलेला

सर, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या आवाजातली खरखर आठवायला मला डोळे मिटावे लागतात. आज रविवार, वर्कशॉप बंद आहे, आणि मी उचगावला ऑफिसात एकटाच येऊन बसलोय. घरात बसवत नाही. तिथं पोरगी बॅग भरतेय. तिचं इंजिनिअरिंग झालं, पुढच्या आठवड्यात पुण्याच्या कंपनीत हजर व्हायचंय. सगळे पावणे म्हणतात, नशीब काढलं. पण ही पोरगी पूर्वी आमटीतल्या मिठावरनंसुद्धा माझ्याशी भांडायची, आणि गेले काही महिने माझ्या प्रत्येक बोलण्याला नुसतं "हो पप्पा" म्हणते. ती गेली की तो "हो" फोनवर ऐकायचा, एवढंच माझ्या वाट्याला उरेल, अशी भीती आहे. हे सांगायला दुसरं कुणी सुचलं नाही.

तुम्ही शिकवायचा केमिस्ट्री, पण युवा महोत्सवाची एकांकिका तुम्हीच बसवायचा. मी गगनबावड्याकडनं आलेला, कसबा बावड्यात चौघांत एक खोली, आणि गावाकडं सांगून ठेवलेलं की मी नाटकात काम करतोय. पहिलं वाचन लॅबमध्येच झालं. ॲसिडच्या वासात आम्ही उंच स्टुलांवर बसलेलो. दुसऱ्या फेरीत एकानं मधलं वाक्य गाळलं तसं ते मी जागेवरनं बोलून टाकलं, हातातलं पान न बघता. तुम्ही चष्म्यावरनं बघितलंत आणि म्हणालात, "तू वाचत नाहीस, ऐकतोस. तू विंगेत बस, प्रॉम्प्टिंगला." मला वाटलं, माझं 'न्हाय' न् 'व्हय' ऐकून काढलं यांनी. आठ दिवस मनात तुम्हाला शिव्या घातल्या, आणि तरी रोज पाच वाजता सगळ्यांच्या आधी येऊन खोली झाडून बसत होतो. गावाकडं मात्र खोटंच चालू ठेवलं. आईनं विचारलं, राजा झालायस का? म्हटलं, तसंच काहीतरी.

महोत्सवातला तो प्रयोग तुम्ही विसरला नसाल. आईचं काम करणारी मुलगी नुकतीच आलेली तार हातात घेऊन उभी आहे. तालमीत ती तीन मोजायची आणि बोलायची. त्या दिवशी ती बोलत नाही. चार होतात, सात होतात, सभागृहात कुणी खोकतसुद्धा नाही, आणि विंगेत मी पुढच्या ओळीवर बोट ठेवून बसलोय. मी शब्द दिला. पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल एवढा मोठ्यानं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, मी दिलेलाच शब्द उचलला आणि पुढं गेली. आम्हाला काहीच मिळालं नाही. नंतर ती एवढंच म्हणाली, "विसरले नव्हते रे मी." तुम्ही सगळ्यांना दूध प्यायला कट्ट्यावर नेलंत. म्हैस तिथंच उभी, समोर पिळलेल्या दुधाचे फेसाळ ग्लास, आणि मी माझा तसाच खाली ठेवला. बाकीचे पुढं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "अडलेला माणूस वेगळा आणि थांबलेला वेगळा. अडला की श्वास वर जाऊन छातीत बसतो. थांबलेल्याचा श्वास खाली असतो, निवांत. शब्द द्यायचा तो अडलेल्याला. थांबलेल्याचा तू हिसकावून घेतलास." आवाज चढवला नव्हतात. चढवला असता तर मी विसरून गेलो असतो. पुढची दोन वर्षं तुम्ही मला विंगेतनं हलू दिलं नाहीत, आणि मी माणसांचे श्वास बघायला शिकलो.

डिग्री मला काठावर मिळाली, केमिस्ट्री तर तुमच्याच दयेवर. पोट भरलं ते त्या विंगेनं. गिऱ्हाईक भाव ऐकून गप्प झालं की बाकीचे घाबरून बडबडायला लागतात. मी श्वास बघतो आणि चहा मागवतो. माझा एक जुना टर्नर, माझ्यापेक्षा वयानं मोठा, तीन दिवस ऑफिसच्या दारात येऊन "काय न्हाय, जरा…" म्हणून माघारी जायचा. चौथ्या दिवशी त्याला बसवलं आणि मी काहीच बोललो नाही. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "मालक, मायक्रोमीटरच्या रेघा दिसंनात मला." रजा हवीय का, उचल हवीय का असं मी विचारलं असतं, तर तो मान हलवून गेला असता आणि एक दिवस लेथमध्ये बोटं घालून बसला असता. त्याला मशीनवरनं काढून स्टोअरला घेतला. तर सर, बाहेर मी असा शहाणा.

हिवाळ्यात पोरगी स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेली. कॉलेजनं फॉर्म दिलेला, त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांतून काय काय कौशल्यं मिळवली ते लिहायचं. तिनं तीन वर्षं युवा महोत्सव केलेला, शेवटच्या वर्षी एकांकिका तिनंच बसवलेली. नेतृत्व, संघभावना, वेळेचं नियोजन असं काय काय टाइप करत होती. मला विचारलं, "पप्पा, तुम्ही काय करायचा कॉलेजात?" म्हटलं, पडद्यामागं बसून ऐकायचो. ती हसली, म्हणाली, ह्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही. तिची आई भाकरी थापत होती, तीही हसली. मग पोरीनं लॅपटॉप अर्धा मिटला. "पप्पा, मला ना…" म्हणाली आणि थांबली.

खांदे खाली, हात टेबलावर पसरलेले. मी म्हणालो, "पुण्याचीच कंपनी धर की. आपली माणसं हायत तिथं, जाणं-येणं जमतंय." तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "हो. तेच." आणि लॅपटॉप उघडून पुढं टाइप करायला लागली. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. तिची आई म्हणाली, "तिचं बोलणं तरी झालंवतं का?"

त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी पेढे वाटले. पोरीनंही वाटले, गल्लीत सगळ्यांच्या पाया पडली. मी दमलोय सर. तीस वर्षं लोकांची न बोललेली वाक्यं ऐकत आलो, आता घरी जेवताना चमच्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, चुकलास, पुढच्या वेळी घाई करू नकोस. आणि मी मान खाली घालून ते घेतलंही असतं, कारण ते सोपं पडलं असतं. पण घाई झाली नव्हती सर. तिच्या टेबलावर नाटकाच्या शिक्षणाची माहिती असलेले कागद मी आठवडाभर आधी बघितले होते. दोन वर्षं लांबच्या गावी, आणि पुढं पोटापाण्याचं काय ते कुणालाच ठाऊक नाही. ती थांबली तेव्हा पुढचं वाक्य मला अख्खं माहीत होतं. ते तिच्या तोंडून आलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून मी आधी बोललो. तिच्या आईला अजून वाटतं, मला कळलं नाही.