मालकाच्या रकान्यात

बेंबळी, मंगळवार

प्रिय अर्पिता,

आई तुळजाभवानीच्या कृपेनं इथं सगळे बरे आहेत. माझं डोकं मात्र ठिकाणावर न्हाय. आपल्या काळ्या मसाल्याच्या वेबसाइटवर कार्डानं पैसे कसे घ्यायचे, एवढं ठरवायला तीन आठवडे लागावेत का गं? कार्ड चालत न्हाय म्हणून हैदराबादची गिऱ्हाइकं परत चाललीत.

कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या ज्या तीन कंपन्या तू कळवल्यास, त्यांचे कागद मी अमरनाथच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणले आणि चष्मा लावून वाचले. पहिली शेकडा दोन रुपये कापते, वर जीएसटी. दुसरी कमी कापते, पण वर्षाची फी आधीच मागते. तिसरीत माल परत आला तरी कापलेलं गेलंच. मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटून बघते, अन् इथं म्हणे निमूट सही करा! मला पहिली पटली. विक्री न्हाय त्या महिन्यात खर्च न्हाय. हेच सांगायला फोन केला, तर तू स्पीकरवर टाकलास. जावईबापू म्हणाले, मामी, तुम्ही तिखटाचं बघा, बँकेचं आमच्यावर सोडा. तूही हसलीस. लई लागलं मला ते.

मग तू अमरनाथकडे छापायला पाठवलेला, भरलेला फॉर्म पाहिला. मालकाच्या रकान्यात जावईबापूंचं, रणधीररावांचं नाव. खातंही त्यांचंच. अमरनाथ म्हणाला, काकू, जो मालक त्याच्याच खात्यात पैसे पडणार. अगं, पाकिटं तू भरतेस, गिऱ्हाइकांची बोलणी तू खातेस, खाद्य परवाना तुझ्या नावाचा. अन् मागच्या महिन्यात दाढ ठणकत होती तर म्हणालीस, ह्यांना विचारून डॉक्टरकडे जाते. तेव्हा गप्प बसले, ती माझी चूक. रणधीरराव वाईट न्हाईत, देवाशपथ. पण दुखतंय आपल्याला अन् विचारायचं दुसऱ्याला, ह्या सवयीत मी तीस वर्षं काढली. तुला ती लागलेली बघवत न्हाय.

फोनवर हे बोलता येईना, म्हणून पत्र मसाल्याच्या खोक्यात घालतेय. खोकं तूच फोडतेस. सोबत पहिल्या कंपनीचा कोरा फॉर्म आहे. मालक म्हणून तुझं नाव मी पेन्सिलीनं लिहिलंय, त्यावर शाई तू फिरव. बँकेत जाऊन तुझ्या एकटीचं खातं काढ. त्याचा नंबर मला कळेपर्यंत इथून चमचाभर मसाला निघणार न्हाय. घरात विचारलं तर आई हट्टाला पेटलीय म्हण, सगळं माझ्यावर ढकल. सही तेवढी तुझी तू कर.

रागावलेली, पण तुझीच,
आई